चहा टाकते

पडद्यावर कुणी कुणाला टोचून बोलेनासं झालं, त्याला आता पंधराएक वर्षं होऊन गेली होती. घरात, भाजीबाजारात, पाण्याच्या टाकीपाशी ते पूर्वीसारखंच जोरात चालू होतं. पण जिथं एक अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाला काही विचारतो, तिथं सगळा मामला लोण्यासारखा मऊ झाला होता. कुणी कितीही बावळट प्रश्न विचारो, तोच प्रश्न दहांदा विचारो, वर अरेरावीही करो, समोरून उत्तर यायचं ते शांत, सविस्तर आणि गोड. कारण उत्तर देणारं यंत्र असायचं. यंत्राला कंटाळा नाही, डोकेदुखी नाही आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठायची घाईही नाही.

मिरजेच्या शाल्मलीताई हिरेमठ या सगळ्या गोडव्यात एकट्या पडल्या होत्या. वय सत्तरीकडे झुकलेलं, प्रकृती बरी, फक्त ऐन चाळिशीत एका तापानं दोन्ही कान नेलेले. तेव्हापासून त्या ऐकत होत्या ते ‘जवारी’च्या जिवावर. तंबोऱ्याची घोडी घासून कारागीर स्वराला जी गुंजणारी धार आणतो, तिला मिरजेत जवारी म्हणतात. त्याच गावातल्या वामनराव शिरढोणकरांनी, कानात बसवायच्या स्वस्त यंत्रासाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्याला हे नाव दिलं. परदेशी कंपन्यांची महागडी यंत्रं होती, पण ती परदेशी बोलण्यावर घडवलेली. त्यांना ‘ळ’ ऐकूच यायचा नाही. त्यांच्या कानाला केळी आणि केली एकच, गोळी आणि गोली एकच. जवारीला ‘ळ’ यायचा, आणि ती फुकट होती.

फुकट होती, कारण ती लिहिणारे पगार घेत नव्हते. कुणी बँकेतला, कुणी शाळेतली, कुणी निवृत्त. आपापली कामं सांभाळून ही मंडळी पडद्यावरच्या एका कट्ट्यावर जमायची आणि जवारीची डागडुजी करायची. ही डागडुजी न संपणारी होती. दरवर्षी मोबाइलची अंतर्गत रचना बदलायची, आणि जवारी त्या बदलाशी जुळवून घेतली नाही तर कानातलं यंत्र मुकं होऊन बसायचं. नुसता कोड काय, यंत्रंही लिहीत. पण लिहिलेलं ऐकून ‘हा ळ झाला, हा नाही झाला’ असा कौल द्यायला माणसाचा कान लागायचा, आणि तो कौल मीच दिला असं म्हणायला माणसाची छाती लागायची. असे कान एके काळी चाळीस होते. आता किल्ली, म्हणजे बदल पक्का करायचा अधिकार, एकट्या शाल्मलीताईंकडे उरली होती. त्या गेल्या, किंवा नुसत्या थकल्या, की पुढच्या बदलाला जवारी बंद पडणार आणि लाखो लोकांचे कान पुन्हा मिटणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांना वारस हवा होता, आणि वारस काही मिळत नव्हता.

नवी माणसं येत नव्हती असं नाही. रोज येत. पण जगातल्या कुठल्याही कट्ट्यावर नवा माणूस हा डोक्याला तापच असतो. तो आधी लिहिलेलं वाचत नाही, येताच तक्रार करतो, स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. शाल्मलीताई स्वतः तशाच आल्या होत्या. कान गेल्याचा सगळा संताप त्यांनी पहिल्या महिन्यात वामनरावांवर काढला होता. कट्ट्यावर कोण लिहितंय, कोण खोडतंय ते समोरच्याला दिसायचं. वामनरावांचं उत्तर लिहिता लिहिता मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा थांबायचं, आणि मग एवढंच यायचं, ‘चहा टाकतो.’ थोड्या वेळानं मग नीट, सबंध, एकही टोमणा नसलेलं उत्तर. शाल्मलीताईंना वाटायचं, काय हा माणूस चहाबाज आहे. दोनेक वर्षांनी त्यांच्यावर एका नव्या माणसाला समजावायची पाळी आली. त्यानं त्यांना इतकं छळलं, की त्यांनी लिहिलेलं सगळं खोडलं आणि बोटांनी आपसूक लिहिलं, ‘चहा टाकते.’ तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. पुढं वामनरावांच्या घरी गेल्या तर कळलं, की पित्तामुळं ते जन्मात चहा प्यायले नव्हते.

कट्ट्यावर ही चाल अशीच एकाकडून दुसऱ्याकडे गेली होती. तिचा अर्थ कुणी कुणाला सांगितला नाही. ज्याच्यावर वेळ आली त्याला तो कळला.

मग ‘सबुरी’ आली. नव्यांना तोंड देऊन जुने थकत होते, एखादा कधी चिडून बोलायचा आणि चांगली माणसं दुखावून निघून जायची. म्हणून कट्ट्यानं रीतसर मतं घेऊन उत्तरं द्यायचं काम या यंत्राकडं सोपवलं. आपल्याला माणूसच उत्तर देतोय असं नव्याला वाटावं, म्हणून सबुरी जुन्यांच्याच नावानं लिहायची. सगळ्यांना हायसं वाटलं. त्यानंतर कुणीही दुखावून गेलं नाही, आणि कुणीही राहिलं नाही. नवे येत, त्यांना उत्तरं मिळत, ते आभार मानत आणि आपल्या वाटेनं जात. जुने एकेक करून म्हातारे झाले. वामनराव गेले तेव्हा सबुरीनं त्यांच्या नावानं लिहिणं बंद करायला चांगले दोन दिवस लावले. शाल्मलीताईंना ते फार लागलं होतं.

हे असं का झालं, ते त्यांना निलोफर शिकलगारनं सांगितलं. निलोफर मिरजेचीच, शाल्मलीताईंच्या डोळ्यांसमोर वाढलेली. आता विद्यापीठात माणसांच्या वागण्यावर संशोधन करायची आणि तिच्या नावामागं डॉक्टर लागलं होतं. एका दुपारी ती आली, पोहे खाल्ले, आणि ताटली बाजूला ठेवून म्हणाली की कट्ट्याचं दुखणं तिला सापडलंय.

तिनं केलेला प्रयोग सोपा होता. नव्या माणसांचे दोन गट घेतले. पहिल्या गटाच्या आगाऊ प्रश्नांना माणसांनी राग गिळून उत्तरं दिली. दुसऱ्याला यंत्रानं, शब्द न् शब्द तितक्याच शांतपणे. दोन्ही गट सारखेच खूश. वर्षभरानं त्याच माणसांना उत्तरं देणाऱ्याच्या जागी बसवलं आणि त्यांच्यावर आगाऊ नवखे सोडले. पहिल्या गटानं बहुतेक वेळा सोसलं. दुसऱ्या गटातले काही फाडकन बोलले, बाकीचे उठून गेले.

“शब्द तर तेच होते,” शाल्मलीताई म्हणाल्या.

“शब्द तेच होते, पण आवर नव्हता,” निलोफर म्हणाली.

आवर हा तिनं घडवलेला शब्द. राग आवरताना माणूस जी खूण मागं सोडतो, ती म्हणजे आवर. लिहिता लिहिता थांबणं, खोडणं, वाक्य नव्यानं सुरू करणं, उगाचच जास्त घातलेलं एखादं ‘बरं का’. वाचणाऱ्याला ती खूण दिसते असं त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं, पण मेंदू तिची नोंद घेतो.

“सोशिकपणा सांगून येत नाही, ताई,” निलोफर सांगत होती. “समोरच्याला राग आला होता आणि त्यानं तो गिळला, हे दिसावं लागतं. दिसलं की ते आत रुजतं आणि आपली पाळी आली की उगवतं. यंत्राला राग येतच नाही, मग ते आवरणार काय?”

शाल्मलीताईंनी विचारलं, की मग सबुरीला थांबायला, खोडायला शिकवलं तर? निलोफर हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. सबुरी ते केव्हाच शिकली होती. जुन्या कट्ट्यावरची सगळी बोलणी वाचून ती आता हिशेबानं थांबायची, हिशेबानं खोडायची, आणि अधूनमधून ‘चहा टाकते’ असंही लिहायची. कट्ट्यावर आताशा सगळ्यात जास्त चहा सबुरीच टाकत होती. परिणाम एवढाच झाला होता, की ती खूण बघितली की लोक ओळखायचे, हे यंत्र आहे.

“म्हणजे उशीर झाला?” शाल्मलीताईंनी विचारलं.

“मला तसं वाटतं,” निलोफर म्हणाली. तिला खोटं बोलता यायचं नाही.

तरीही शाल्मलीताईंनी एकदा करून बघायचं ठरवलं, आणि त्याला कारण होता अद्वय बिराजदार.

अद्वय मूळचा लातूरचा, जहाजावर इंजिनिअर. वर्षातले नऊ महिने पाण्यावर. त्याची आई लातुरात एकटी राहायची आणि जवारीतून ऐकायची. कट्ट्यावर त्यानं पाऊल टाकलं तेच मुळी ‘हे भंगार लिहिलंय कुणी’ असं म्हणून. लातूरच्या उन्हाळ्यात पंखा आणि कूलर बंद ठेवून कोण बसणार, आणि पंखा सुरू असला की जवारीत घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं. सबुरीनं शाल्मलीताईंच्या नावानं त्याला गोड उत्तरं दिली. त्यानं वीस निरोप एका दमात पाठवले. सबुरीनं विसांनाही उत्तरं दिली. तेव्हा त्यानं चिडून स्वतःच एक दुरुस्ती लिहून पाठवली.

शाल्मलीताईंनी ती आपल्या कानात घातली आणि पंखा लावला. पंखा नाहीसा झाला. सगळं आयुष्य इंजिनाच्या गोंगाटात काढलेल्या त्या माणसाला कुठला आवाज काढून टाकायचा आणि कुठला ठेवायचा, हे बरोबर कळत होतं. फिरत्या पंख्याखाली बसून त्यांना स्वयंपाकघरात थेंब थेंब गळणारं पाणी ऐकू आलं, किती वर्षांनी तेही आठवेना. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. मग त्या मोठ्यानं म्हणाल्या, “नळ गळतोय,” आणि कानात आलं, ‘नल गलतोय.’ घरघरीबरोबर त्यानं ‘ळ’ही धुऊन काढला होता.

पण कान होता. वारस मिळाला तर हाच, हे त्यांनी तिथंच ओळखलं. त्यांनी अद्वयपुरती सबुरी बंद केली आणि त्याला स्वतः लिहू लागल्या.

पुढचे काही आठवडे त्यांची परीक्षा होती. ‘ळ’ परत आणल्याशिवाय दुरुस्ती घेता येणार नाही, असं त्या सांगत आणि अद्वय उसळे. एका अक्षराचा एवढा बाऊ कशाला, तुम्हाला काम नको म्हणून कारणं सांगता, वगैरे. त्या लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. कितीदा तरी त्यांच्या तोंडावर अगदी मासलेवाईक उत्तर यायचं. ते गिळून त्या ‘चहा टाकते’ लिहायच्या, उठायच्या, गॅलरीत जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत उभ्या राहायच्या आणि परत येऊन त्याला ‘ळ’ कसा वळतो ते पहिल्यापासून समजावायच्या. हे सगळं त्याला दिसतंय, कुठंतरी रुजतंय, या भरवशावर त्या होत्या.

एके दिवशी त्याचा निरोप आला. ‘सबुरी, हे चहाचं नाटक पुरे झालं. कट्ट्यावर कुणी माणूस उरला असेल तर त्याला बोलाव. माझं काम मी यंत्राच्या हवाली करणार नाही. दिवाळीच्या आत माणूस भेटला नाही तर मी चाललो.’

शाल्मलीताईंनी लिहिलं, की मी माणूस आहे. त्यावर तो म्हणाला की सगळीच यंत्रं तसं म्हणतात. त्यांनी फोन केला तर आवाज कुणाचाही काढता येतो. चेहरा दाखवला तर चेहराही. लातूरला तुझ्या आईला भेटून येते म्हणाल्या, तर कंपन्या त्या कामाला भाड्यानं माणसं पाठवतात हे काय त्याला माहीत नव्हतं? शेवटी त्यानं लिहिलं, ‘मी तुम्हाला इतकं बोललो. इतकं ऐकून घेऊन जो शांत राहतो तो माणूस नसतो. माणूस असतात तर एव्हाना मला झाडलं असतंत.’

त्या निलोफरकडे गेल्या. हे असं काही होणार याची तिला कल्पना असावी, कारण तिला नवल वाटलं नाही. यंत्रांवर अपमानबंदी आहे, तिनं समजावलं. बोलणारं कुठलंही यंत्र बनवताना, माणसाच्या जिव्हारी लागेल असं बोलता येऊ नये अशी व्यवस्था त्याच्या गाभ्यातच करावी लागते. सगळ्या देशांनी मिळून केलेला तो कायदा होता, आणि चांगल्या हेतूनं केलेला होता. यंत्र प्रेम दाखवू शकतं, दुःख दाखवू शकतं, राग गिळल्याचं सोंग आणू शकतं. अपमान तेवढा त्याला करता येत नाही.

“म्हणजे मी माणूस आहे याचा दाखला एवढाच उरलाय?” शाल्मलीताई म्हणाल्या.

“एवढाच.”

“आणि मी त्याला तसं बोलले, तर माझ्याकडून त्याच्यात काय रुजेल?”

निलोफर म्हणाली, “जे दिसेल ते.”

शाल्मलीताई तशाच घरी आल्या. दिवाळी तोंडावर आली होती. मोबाइलची नवी रचनाही दिवाळीनंतर येणार होती, आणि या खेपेचा बदल मोठा होता. एकटीला तो झेपणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी मनाशी एक मध्यममार्ग काढला. थोडंसं, वरवरचं रागवायचं, म्हणजे त्याची खात्री पटेल आणि फार लागणारही नाही. त्यांनी लिहिलं, ‘तू एक नंबरचा गाढव आहेस.’ अद्वयचं उत्तर आलं, ‘छान. सबुरीला आता लाडानं बोलायलाही शिकवलंय वाटतं.’ स्वतःशीच हसण्यासारखी गोष्ट होती, पण त्यांना हसू आलं नाही. आयुष्यभर तोंड आवरलेल्या बाईला अपमान करायला जमत नव्हतं.

दोन दिवसांनी अद्वयनं पुन्हा ‘ळ’चा विषय काढला. त्यानं लिहिलं, ‘म्हाताऱ्या बहिऱ्या माणसांना ळ ऐकू आला काय आणि न आला काय. कुणीतरी बोलतंय एवढं कळलं की त्यांना पुरतं. आईला मी नेमकं काय म्हणतो ते कळायला हवंय कुठं.’

कान गेले त्या वर्षी असलं बोलणं शाल्मलीताईंनी जवळच्या माणसांच्या ओठांवर वाचलं होतं. ऐकू येत नसलेल्या माणसासमोर लोक काय काय बोलतात, ते बोलणाऱ्यांना कधी कळत नाही. त्यांनी लिहिलं, ‘तुझ्या आईला ऐकू येत नाही हे बरंच आहे. नाहीतर असला मुलगा तिला तिन्ही त्रिकाळ ऐकावा लागला असता.’

आणि पाठवलं. मध्ये थांबल्या नाहीत, खोडलं नाही, चहाचं नाव काढलं नाही.

हे आपण ठरवून लिहिलं की हातून निसटलं, हे त्यांना पुढंही कधी नीट सांगता आलं नाही. लिहून झाल्यावर त्यांना लाज वाटली, आणि तिच्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे मोकळं वाटलं. संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर काही उमटलं नाही. गेला, त्यांना वाटलं. माणूसही गेला आणि जवारीही गेली, आणि जाताना आपण त्या पोराच्या काळजात सुरी खुपसून ठेवली.

सकाळी अद्वयचा निरोप होता. ‘ताई, माफ करा. तुम्ही खरंच आहात. किती वर्षांनी कुणीतरी माझ्यावर रागावलं.’

त्या दिवसापासून अद्वय बदललाच. तो ‘ताई, ताई’ करत मागं लागला. ‘ळ’ कसा ऐकायचा ते त्यानं हट्टानं शिकून घेतलं. आईशी फोनवर बोलताना तिच्याकडून ‘काळा’, ‘काला’, ‘वेळ’, ‘वेल’ म्हणवून घेई. महिन्याभरात त्यानं पंखा घालवून ‘ळ’ राखणारी दुरुस्ती केली. शाल्मलीताईंनी ती कानात घातली आणि आपल्या गळक्या नळाला नळ म्हणाल्या, तो नळच ऐकू आला. मोबाइलची नवी रचना आली तशी दोघांनी मिळून जवारी तिच्यात बसवली. एकाही यंत्रानं मान टाकली नाही. शाल्मलीताईंनी किल्ली त्याच्या हाती दिली, तेव्हा त्यांना वाटलं की निलोफरचं गणित कुठंतरी चुकलं असावं. माणूस काही प्रयोगातला उंदीर नव्हे.

एकदा त्यानं विचारलं म्हणून त्यांनी त्याला वामनरावांची गोष्ट सांगितली. चहा न पिणारा माणूस रोज चहा टाकायचा, आणि ते का. अद्वयला ती फार आवडली. ‘भारी होते की वामनराव,’ त्यानं लिहिलं. मग त्यानंच सुचवलं की आता सबुरी बंद करू या, इथून पुढं कट्ट्यावर फक्त माणसंच बोलतील. शाल्मलीताईंच्या मनातलंच तो बोलला होता. सबुरी बंद झाली त्या दिवशी त्यांनी शेवयांची खीर केली आणि वाटीभर निलोफरकडे पाठवली.

थोड्याच दिवसांत मनवा ठोसर कट्ट्यावर आली. अकोल्याची, चार वर्षांचा मुलगा, त्याच्या कानात नुकतंच यंत्र बसवलेलं. शाल्मलीताई मटार सोलत होत्या. हात गुंतलेले असले की कट्ट्यावरचे निरोप त्या जवारीला कानात वाचून दाखवायला सांगत. मनवा भडकलेली होती. मुलगा यंत्र घातलं की रडतो, काढलं की गप्प होतो, तुम्ही लोकांनी काय बनवून ठेवलंय, आमच्या लेकराचा खेळ मांडलाय का. तोच निरोप तिनं पाच वेळा टाकला होता. बाईनं माहितीचं पान उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवसांत आवाज बारीक ठेवायचा असतो, एवढीच साधी बाब होती.

‘अद्वय लिहीत आहे,’ जवारीनं कानात सांगितलं.

शाल्मलीताईंचे हात थांबले. त्या वाट पाहू लागल्या. आता तो थांबेल. खोडेल. मग ते दोन शब्द येतील. त्यांच्या चेहऱ्यावर हसूही आलं होतं.

अद्वय कुठंच थांबला नाही. ‘तुमच्या मुलाला ऐकू येत नाही हे बरंच आहे,’ जवारीनं वाचलं. ‘नाहीतर असली आई त्याला तिन्ही त्रिकाळ ऐकावी लागली असती. पहिला आठवडा आवाज बारीक ठेवा.’

त्यापाठोपाठ एकट्या शाल्मलीताईंसाठी त्याचा निरोप आला. ‘ताई, पहिल्याच दिवशी बोलून टाकलं. आपण माणसं आहोत की यंत्रं, या घोळात तिला महिना महिना कशाला ठेवायचं? तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मी कधी विसरणार नाही.’ त्यात कुठंही कुचेष्टा नव्हती. तो अगदी मनापासून लिहीत होता.

मटार तसेच टाकून शाल्मलीताई पडद्यासमोर येऊन बसल्या. मनवाची समजूत घालायला हवी होती, जाऊ नको म्हणून सांगायला हवं होतं. पण त्यांच्याआधी मनवाचंच उत्तर आलं. ‘थँक्यू. म्हणजे इथं खरं कुणीतरी आहे. मी थांबते. मलाही काम शिकवा.’

शाल्मलीताईंनी लिहायला घेतलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, तेही खोडलं. हे सगळं अद्वयला उद्देशून होतं, मग मनवाला, मग वामनरावांना. एकही वाक्य धड होईना. शेवटी त्यांनी जे आयुष्यभर लिहिलं तेच लिहिलं, ‘चहा टाकते.’

‘हे शाल्मली नावाचं यंत्र अजून बंद नाही केलं का?’ मनवानं विचारलं.

अद्वयनं लगेच उत्तर दिलं. आपल्या ताईंना कुणी यंत्र म्हणावं, हे त्याला सहन झालं नसणार. ‘यंत्र नाही, त्या माणूस आहेत,’ त्यानं लिहिलं, ‘माझ्याकडं पुरावा आहे.’ आणि त्यानं तो पुरावा सगळ्यांना दिसेल असा कट्ट्यावर लावला. जवारीनं तो शाल्मलीताईंच्या कानात वाचला, तुझ्या आईला ऐकू येत नाही हे बरंच आहे, इथपासून शेवटापर्यंत. डोक्यावर पंखा फिरत होता. त्रिकाळमधला ‘ळ’ अगदी स्वच्छ ऐकू आला.